रीफ टँकमध्ये शेवाळ पुन्हा पुन्हा येतंय? इंदूरमध्ये आधी टॉप-अपचं पाणी तपासा

रविवारी काच घासली, दगडांवरचं हिरवं चिमटीने उपटलं, दहा टक्के पाणी बदललं. गुरुवारी सगळं पुन्हा जागच्या जागी. मग शेवाळ मारणारी बाटली, मग तीन दिवस दिवे बंद, मग आणखी गोगलगायी. प्रत्येक उपायाने पंधरा दिवस बरं वाटतं आणि ते परत येतं. कमी खर्चात उभा केलेला पहिला रीफ टँक, म्हणजे प्रवाळांचा खाऱ्या पाण्याचा टँक, बहुतेक वेळा याच वळणावर विकायला निघतो.

पुढचे सगळे आकडे २४ × १५ × १५ इंचाच्या टँकसाठी आहेत. दगड घातल्यावर त्यात सुमारे ७० लिटर पाणी राहतं. जिवंत माल म्हणजे झोअँथिड, मशरूम असे सॉफ्ट कोरल (मऊ प्रवाळ) आणि दोन-तीन लहान मासे. टँक लहानमोठा असेल तर त्या प्रमाणात आकडे बदलून घ्या.

टँक तीन-चार महिन्यांचाच असेल तर घाबरू नका. नव्या दगडावर आधी तपकिरी, मग हिरवा थर येतो आणि ओसरतो. तिथे औषध ओतणं म्हणजे बरं होत आलेलं बिघडवणं. सहा महिन्यांनंतरही तेच शेवाळ त्याच जागी उगवत असेल, तर त्याला रोज कुठून तरी खाणं मिळतंय. ते कुठून येतं हे सापडेपर्यंत घासणं म्हणजे नुसता व्यायाम. इंदूरमध्ये पहिला संशय माशांच्या खाण्यावर नव्हे, उडून गेलेल्याच्या जागी रोज वरून घालायच्या पाण्यावर, म्हणजे टॉप-अपवर घ्यावा.

आधी ओळख पटवा

सगळ्याला "शेवाळ" म्हटलं की उपाय चुकतो, कारण एकाचा उपाय दुसऱ्याला पोसतो.

काचेवर आणि तळावर पिठासारखा तपकिरी थर, बोट फिरवलं की लगेच पुसला जाणारा: डायटम. त्यांना सिलिका लागते. नव्या टँकमध्ये ते आपोआप जातात. जुन्या टँकमध्ये परत आले तर पाण्यातून सिलिका येते आहे असं समजा.

मरून रंगाचा किंवा गर्द जांभळट पापुद्रा, नळीने ओढला की चादरीसारखा निघणारा, वास मारणारा: सायनोबॅक्टेरिया. हे खरं शेवाळ नाहीच, जीवाणू आहेत. पाणी जिथे साचतं तिथे ते आधी दिसतात.

तपकिरी शेंबडासारख्या तारा, टोकाला हवेचे बुडबुडे, सकाळी कमी आणि दुपारी दिव्याखाली भरपूर: डायनोफ्लॅजेलेट. यांची खात्री करायची सोपी रीत आहे. थोडा नमुना टँकच्याच पाण्यात घालून बाटलीत जोरात हलवा, टिश्यू पेपरमधून गाळा आणि खाली आलेलं स्वच्छ दिसणारं पाणी दिव्याखाली ठेवा. तासाभरात त्यात पुन्हा तपकिरी गुठळ्या जमल्या तर डायनो. हे ओळखणं सर्वांत महत्त्वाचं, कारण डायनो बहुधा नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्यावर गेलेल्या टँकमध्ये येतात. तिथे आणखी पाणी बदलून, आणखी फॉस्फेट-शोषक घालून लोक त्यांना मोकळं रान करून देतात.

हिरवे मऊ केस, ओढले की तुटणारे: हेअर अल्गी. पिसासारखी रचना, मधे दांडा आणि दोन्ही बाजूंना काड्या: ब्रायोप्सिस. चकचकीत हिरवे मणी: व्हॅलोनिया, टँकमध्ये फोडू नका, दगड बाहेर काढून मुळापासून खरवडा.

या लेखाचा मुख्य रोख हेअर अल्गी, सायनो आणि परत येणाऱ्या डायटमवर आहे.

टॉप-अपचं गणित

टँकमधून वाफ होऊन जातं ते शुद्ध पाणी. क्षार, सिलिका, नायट्रेट मागेच राहतात. इंदूरचा एप्रिल-मे गरम आणि कोरडा. टँकवर पंखा असेल तर वरच्या मापाच्या टँकमधून दिवसाला अडीच लिटर पाणी सहज उडतं. महिन्याचे झाले ७५ लिटर. म्हणजे टँकमध्ये जेवढं पाणी आहे, त्याहून जास्त नवीन पाणी एका महिन्यात वरून पडतं आणि त्यात विरघळलेली प्रत्येक गोष्ट आतच साठते. आठवड्याला सात लिटर पाणी काळजीपूर्वक बदलणारा माणूस टॉप-अपचा मग मात्र थेट नळाखाली धरतो, तेव्हा सगळी मेहनत वाया जाते.

आता इंदूरचं पाणी पाहू. नर्मदेचं पाणी नदीकाठच्या जलूदहून सुमारे ७० किलोमीटर उचलून आणलेलं. ते बोरिंगच्या मानाने हलकं असतं, पण घराघरांत ओव्हरहेड टाकीत दोन्ही एकत्र होतात आणि उन्हाळ्यात त्यात टँकरचंही पाणी पडतं. माळव्याचा खडक काळा बेसाल्ट. त्यातून आलेलं बोरिंगचं पाणी जड, शिवाय त्यात सिलिका चांगली असते. तेव्हा "आमच्याकडे नर्मदा येते" हे उत्तर पुरत नाही. तीनशे-चारशे रुपयांचा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार दाखवणारा) घ्या आणि नळ आल्या दिवशी, दुसऱ्या दिवशी आणि मे महिन्यात एकदा असं तीनदा मोजा. तीन आकडे तीन तऱ्हेचे आले तर नवल वाटायला नको.

टीडीएस ३०० असलेलं ७५ लिटर पाणी म्हणजे महिन्याला साडेबावीस ग्रॅम क्षार. नायट्रेटचं गणित आणखी बोलकं आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. म्हणजे अगदी पिण्यालायक ठरलेलं पाणीसुद्धा महिन्याभरात ७० लिटरच्या टँकमध्ये ४८ पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम) नायट्रेट घालू शकतं. सॉफ्ट कोरलच्या टँकमध्ये आपल्याला ते २ ते १० मध्ये हवं असतं.

"आम्ही आरओचंच पाणी घालतो"

घरातला पिण्याचा आरओ टँकसाठी तयार केलेला नसतो. तो पाण्याला चव यावी म्हणून तयार केलेला असतो. बहुतेक मशीनमध्ये टीडीएस कंट्रोलर नावाचा छोटा स्क्रूवाला व्हॉल्व्ह असतो. तो मेम्ब्रेनमधून (आरओच्या मुख्य गाळणीतून) आलेल्या पाण्यात थोडं न गाळलेलं पाणी मुद्दाम मिसळतो. त्याच्यापुढे मिनरल किंवा अल्कलाइन कार्ट्रिज. म्हणून तोटीवर ६० ते १२० आकडा दिसतो, आणि मशीन बसवणारा तो अभिमानाने दाखवतो.

कॉपर कार्ट्रिजवाल्या मशीनचं पाणी तर टँकजवळही नेऊ नका. तांबं माणसाला चालतं. मानकात लिटरला ०.०५ मिलिग्रॅम ही स्वीकारार्ह आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत सवलतीची मर्यादा आहे. गोगलगायी, कोळंबी आणि कोरल मात्र त्याच्या फार थोड्या मात्रेनेच मरतात. गोगलगायी आणल्यावर आठवड्यात उलट्या पडत असतील आणि खारटपणा बरोबर असेल, तर पहिलं मशीनवरचं लेबल वाचा. तांब्याच्या कळशीत साठवलेलं पाणी, पितळी तोटी, पितळी फ्लोट व्हॉल्व्ह, सगळ्यांचं तेच. गोगलगायी मेल्या की शेवाळ खाणारं कोणी उरत नाही, आणि त्यांचा मांसगोळा सडून शेवाळालाच मिळतो.

वीस लिटरच्या थंड पाण्याच्या जारचा भरवसा नको. आज १५, पुढच्या आठवड्यात ९०. घ्यायचाच तर प्रत्येक जार मोजून घ्या.

टँकसाठी वेगळी लाइन

घरच्या मशीनला हात लावायचा नसेल तर मेम्ब्रेनच्या शुद्ध पाण्याच्या नळीवर, टीडीएस कंट्रोलरच्या आधी, पाव इंची टी (तीन तोंडांचा जोड) आणि बॉल व्हॉल्व्ह बसवा आणि तिथून पुढे डीआय कार्ट्रिज, म्हणजे उरलेसुरले क्षार पकडणाऱ्या रेझिनची नळी. मशीन बसवणारा माणूस हे दहा मिनिटांत करून देतो. "मिक्सिंगच्या आधीची लाइन हवी" एवढं सांगा.

स्वतंत्र युनिट करायचं तर सगळे भाग घरगुती आरओचेच, सुटे मिळणारे: पाच मायक्रॉनचा पीपी स्पन फिल्टर, कार्बन ब्लॉक, २४ व्होल्टचा बूस्टर पंप आणि त्याचा अडॅप्टर, ७५ किंवा ८० जीपीडीचं (दिवसाला इतके गॅलन देणारं) मेम्ब्रेन हाउसिंगसह, वाया पाण्याच्या नळीवर फ्लो रिस्ट्रिक्टर आणि शेवटी मिक्स्ड-बेड डीआय रेझिन. ब्रँडच्या मागे न लागता साधारण साडेतीन-चार हजारांत बसतं. शेवाळ मारण्याच्या तीन-चार बाटल्या, दोनदा मेलेल्या गोगलगायी आणि एका कोरलचा खर्च धरला तर हे स्वस्तच. बजेट कमी असेल तर स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) पुढे ढकला, पण डीआय पुढे ढकलू नका; इतक्या लहान टँकला आठवड्याचे पाणीबदल स्किमरशिवायही पुरतात.

डीआय कार्ट्रिज उभं ठेवा आणि पाणी खालून वर जाऊ द्या. आडवं ठेवलं तर पाणी रेझिनच्या वरून वाट काढतं आणि अर्धं रेझिन कोरं राहतं.

दोन जागी मोजा. मेम्ब्रेननंतरचा आकडा येणाऱ्या पाण्याच्या पाच टक्क्यांच्या आत हवा: आत ४०० तर बाहेर २० किंवा कमी. ६० येत असेल तर मेम्ब्रेन गेलं, नाहीतर त्याची रबरी सील नीट बसलेली नाही. डीआयनंतर आकडा ० हवा. तो १-२ झाला की रेझिन बदला. "अजून १० तर आहे" असं म्हणत थांबू नका. कारण सिलिका टीडीएस मीटरवर जवळजवळ दिसत नाही, आणि रेझिन थकायला लागलं की सर्वांत आधी तीच सुटते. मीटरवर शून्याच्या आसपासचा आकडा आणि काचेवर पुन्हा तपकिरी पीठ, हे कोडं बहुधा इथेच सुटतं.

युनिट काही तास बंद असेल तर सुरू केल्यावर पहिले एक-दोन लिटर डीआयकडे न पाठवता बाजूला काढा. मेम्ब्रेनच्या दोन्ही बाजूंचं पाणी थांबलेल्या वेळात सारखं होऊ लागतं, म्हणून सुरुवातीचा आकडा नेहमी जास्त असतो. रोज दोन लिटर काढण्यापेक्षा आठवड्यातून एकदा तीस लिटर काढून झाकणाच्या फूड-ग्रेड ड्रममध्ये ठेवा. रेझिन कितीतरी जास्त चालतं. वाया जाणारं पाणी फरशीला, संडासाला वापरा. कूलरमध्ये घालू नका, पॅडवर क्षारांचे थर बसतात.

टँक मुळात बोरिंगच्या पाण्यावर सुरू केला असेल तर नुसता टॉप-अप बदलून भागत नाही, जुनं पाणी बाहेर काढावं लागतं. दर आठवड्याला २५ टक्के असे पाच बदल केले तरी जुन्याचा जवळपास चौथा भाग उरतोच, तेव्हा धीर धरा. एका वेळी साडेसतरा लिटर पाणी आणि सुमारे ६३० ग्रॅम सॉल्ट मिक्स (टँकसाठीचं समुद्री मीठ). पिशवी आधी उलटसुलट हलवून घ्या, जड कण तळाशी बसलेले असतात. पावसाळ्यात उघडी राहिलेली पिशवी गोळा होते, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. किराण्यातलं मीठ यासाठी चालत नाही. त्यात कोरलला लागणारं कॅल्शियम-मॅग्नेशियम नसतं.

आणि खारटपणा मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर. स्वस्त रिफ्रॅक्टोमीटर साध्या पाण्याने शून्यावर आणला तरी ३५ पीपीटीला (हजार भागांत ३५ भाग क्षार) चुकीचा आकडा दाखवू शकतो. ३५ च्या द्रावणाने जुळवा. विकत मिळत नसेल तर शुद्ध, आयोडीन नसलेलं सोडियम क्लोराइड ३६.५ ग्रॅम आणि डीआय पाणी ९६३.५ ग्रॅम, दोन्ही वजन करून. हे द्रावण रिफ्रॅक्टोमीटरवर ३५ दिसायला हवं.

नौतपा

मेअखेरच्या नऊ दिवसांत, गच्चीखालच्या खोलीत, टँकचं पाणी ३१-३२ अंशांवर जातं. २५ ते २७ हवं. चिलर बजेटमध्ये बसत नाही आणि सुदैवाने इथे तो लागतही नाही, कारण हवा कोरडी आहे. संगणकातले १२ व्होल्टचे १२० मिलिमीटरचे दोन पंखे पाण्यावर तिरपे लावा, काचेचं झाकण काढून जाळी ठेवा. पाणी तीन-चार अंश उतरतं. महारानी रोडवर किंवा जेल रोडवर पंखे, अडॅप्टर आणि एसटीसी-१००० प्रकारचा थर्मोस्टॅट एका फेरीत मिळून जातो. थर्मोस्टॅट २६.५ वर, फरक ०.५.

खोलीत डेझर्ट कूलर चालू असेल तर खिडकी उघडी ठेवा. कूलर हवा दमट करतो. दमट हवेत टँकवरचा पंखा नुसता फिरतो, पाणी गार होत नाही. जुलैत पंखा आधीसारखा काम करत नाही तोही याचमुळे, पण तेव्हा खोलीच गार झालेली असते.

पंखा लावला की टॉप-अप विसरायची सोय उरत नाही. एक दिवस तीन लिटर उडाले आणि भरले नाहीत तर खारटपणा ३५ वरून साडेछत्तीसवर जातो. दोन दिवसांत झोअँथिड मिटतात, तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोपऱ्यातली गोगलगाय मेलेली असते आणि पुढच्या आठवड्यात हिरवं. ऑटो टॉप-अप लावलात तर त्याचा डबा पाच लिटरचाच ठेवा. दहा लिटरचा डबा सेन्सर अडकून एकदम रिकामा झाला तर ३५ चे सुमारे ३०.५ होतात, पाच लिटरचा झाला तर ३२ च्या वर राहतो आणि सगळे वाचतात.

लाइट गेली तर पंखा आणि वेव्हमेकर (पाणी ढवळणारा पंप) दोन्ही बंद. घरच्या इन्व्हर्टरवर दिवाणखान्यातल्या एका दिव्याऐवजी वेव्हमेकर घ्या, तो काही वॉटच खातो. इन्व्हर्टर नसेल तर पॉवर बँकेवर चालणारा यूएसबी एअर पंप.

दगड आणि वाळू

टॉप-अपच्या पाण्याचा टीडीएस शून्यावर आणूनही दोन महिन्यांत हिरवं कमी होत नसेल तर दगडाकडे वळा. कोणाच्या तरी बंद केलेल्या टँकमधले स्वस्तात मिळालेले दगड फॉस्फेटने भरलेले असू शकतात आणि ते महिनोन् महिने सोडत राहतात. तपासणी अशी: एक दगड घासून बादलीत डीआय पाण्याच्या ताज्या खाऱ्या पाण्यात ठेवा, छोटा पंप लावा, वर झाकण. आठवड्याने फॉस्फेट मोजा. ०.१ पीपीएमच्या वर आलं तर दगडच देतोय. टँकमध्ये जीव नसतील तर असे दगड बादलीतच आठवड्याला पाणी बदलत, थोडा जीएफओ (फॉस्फेट शोषणारे लोह-ऑक्साइडचे दाणे) घालून धुवून काढणं सोपं. टँक चालू असेल तर जीएफओ टँकमध्येच, मात्रा पुढे दिली आहे.

पैसे वाचवण्यासाठी बांधकामाची नर्मदेची रेती घालू नका. तिच्यातली माती, लोहयुक्त धूळ आणि सेंद्रिय कचरा कितीही धुतला तरी उरतो. अॅरागोनाइट (रीफ टँकसाठीची चुनखडी वाळू) परवडत नसेल तर तळ उघडा ठेवा. दिसायला बोडका, पण कचरा दिसतो आणि नळीने ओढता येतो. पहिल्या टँकला हेच बरं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

"समुद्राचे दगड" म्हणून विकले जाणारे पांढरे कोरलचे सांगाडेही घेऊ नका. कठीण प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, आणि संरक्षण मेलेल्या सांगाड्यालाही आहे. समुद्री पंखे (पंख्याच्या आकाराचे प्रवाळ) आणि समुद्री घोडेही संरक्षित. सिरॅमिक किंवा सिमेंटचे कृत्रिम दगड घ्या. सिमेंटचे असतील तर पीएच स्थिर होईपर्यंत काही आठवडे पाण्यात मुरवून.

खाणं

माशांच्या कोरड्या खाण्यात साधारण एक टक्का फॉस्फरस असतो. म्हणजे एक ग्रॅम खाण्यात सुमारे ३० मिलिग्रॅम फॉस्फेट. ते सगळं पाण्यात उतरलं तर ७० लिटरमध्ये ०.४ पीपीएम, आपल्याला हवं ०.०३ ते ०.१. थोडं माशांच्या अंगी लागतं, थोडं पाणीबदलात जातं, तरी दोन क्लाउनफिशला रोज चिमूटभर तीनदा देणं किती महाग पडतं ते यावरून दिसतं. दिवसातून एकदा, अर्ध्या मिनिटात संपेल एवढंच. फ्रोझन क्यूब गाळणीत डीआय पाण्याने धुवून, फक्त मांस टँकमध्ये.

मे महिन्यात घर बंद करून पुण्याला लग्नाला जायचं असेल तर खाण्याची अख्खी डबी शेजारच्या काकूंच्या हातात देऊ नका. मासे काचेशी येऊन तोंड उघडतात आणि काकूंना दया येते. गोळ्या ठेवायच्या वारांच्या डबीत एकेका दिवसाचं मोजून भरून द्या, बाकीचं कपाटात.

दिवे आठ तासांवर कधी नको, आणि खिडकीचं ऊन टँकवर पडत असेल तर पडदा लावा. प्रवाह टँकच्या पाण्याच्या वीस ते तीस पट: दोन लहान वेव्हमेकर मिळून ताशी १५०० ते २००० लिटर, एकमेकांच्या समोर पण थोडे तिरपे. सायनो जिथे बसतं त्या कोपऱ्यात एकाचं तोंड वळवा.

आता उपचार

पाणी, खाणं आणि दगड जागेवर आल्यानंतरच याला हात घाला. नाहीतर हा भागही बाटलीसारखाच पंधरा दिवसांचा ठरेल.

आधी नायट्रेट आणि फॉस्फेट मोजा, पण दाट हेअर अल्गी असताना फॉस्फेट शून्य आलं तर त्यावर विश्वास ठेवू नका. पाण्यात आलेलं फॉस्फेट शेवाळ लगेच उचलतं, मोजायच्या किटला काही दिसत नाही. तेव्हा हाताने जितकं निघेल तितकं काढा आणि चार दिवसांनी पुन्हा मोजा. दगड सुटा काढता येत असेल तर टँकच्याच काढलेल्या पाण्याच्या बादलीत घासा, म्हणजे तुटलेले तुकडे टँकभर पसरत नाहीत.

हट्टी हेअर अल्गीवर हायड्रोजन पेरॉक्साइड चालतं. औषधाच्या दुकानात मिळतं ते बहुधा ६ टक्क्यांचं, लेबलवर "२० व्हॉल्यूम" लिहिलेलं. ते डीआय पाण्याने निम्मं करून ३ टक्के करा. दगड बाहेर काढून फक्त शेवाळावर ब्रशने लावा, दोन-तीन मिनिटं थांबा, बादलीतल्या खाऱ्या पाण्यात खळबळून परत ठेवा. कोरलला लागू देऊ नका. टँकमध्ये थेट ओतू नका. क्लीनर श्रिंप ते सोसत नाही. दोन-तीन दिवसांत शेवाळ पांढरं पडतं.

फॉस्फेट ०.१ च्या वर असेल तर जीएफओ. पूर्ण मात्रा लिटरला एक ग्रॅम धरतात. तुम्ही अर्ध्याने, ३५ ग्रॅमने सुरुवात करा, जाळीच्या पिशवीत, धुवून, प्रवाहाच्या तोंडाशी. दर तीन दिवसांनी मोजा. ०.०५ च्या जवळ आलं की पिशवी बाहेर. फॉस्फेट एकदम खाली ओढलं तर कोरल बिथरतात, आणि शून्यावर नेलं तर डायनोला आमंत्रण.

सायनोमध्ये बहुतेक वेळा फॉस्फेट असतं आणि नायट्रेट शून्याला टेकलेलं. पापुद्रा नळीने ओढून काढा, प्रवाह वळवा आणि नायट्रेट ३-५ पर्यंत वाढवा. प्रयोगशाळेच्या प्रतीचं सोडियम नायट्रेट १० ग्रॅम एक लिटर डीआय पाण्यात विरघळवा. याचे १० मिलिलिटर ७० लिटरमध्ये साधारण १ पीपीएम नायट्रेट देतात. दिवसाला एवढंच, आणि मोजत. दुकानदार एरिथ्रोमायसिन सुचवतो. त्याने पापुद्रा जातो, टँकमधले उपयोगी जीवाणूही जाऊ शकतात, आणि प्रवाह व नायट्रेट तसेच असतील तर सायनो परततं.

डायनो निघाले तर पाणी बदलणं थांबवा, जीएफओ काढा, याच द्रावणाने नायट्रेट ५ पर्यंत न्या आणि फॉस्फेट ०.०५ ते ०.१ मध्ये धरा. रात्री पाण्यात तरंगणाऱ्या प्रकारांवर यूव्ही (अतिनील) दिवा कामी येतो. तळावर चिकटून राहणाऱ्यांवर फारसा नाही. काही डायनो विषारी असतात, हातमोजे घाला. या काळात नव्या गोगलगायी आणू नका.

ब्रायोप्सिसवर फ्लुकोनॅझोल वापरतात, लिटरला सुमारे ५ मिलिग्रॅम, कार्बन आणि जीएफओ काढून, दोन-तीन आठवडे. हे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारं माणसांचं औषध आहे, शिवाय फक्त ब्रायोप्सिसची खात्री असेल तेव्हाच. साध्या हेअर अल्गीसाठी ते ओतलं की महिना छान जातो आणि मग तेच केस.

पाणी स्थिर झाल्याचं खारटपणा आणि तापमानाच्या सलग पंधरा दिवसांच्या नोंदींवरून दिसलं की मगच गोगलगायी: ७० लिटरला ट्रोकस किंवा अॅस्ट्रिया सहा-आठ पुरे. जास्त आणल्या तर शेवाळ संपल्यावर उपाशी मरतात. मुंबईहून मागवत असाल तर एप्रिल ते जूनमध्ये नको. पाऊस पडल्यावर, रात्रीच्या प्रवासाने. पिशवी टँकमध्ये पंधरा मिनिटं तरंगत ठेवा, मग एअर पंपाच्या नळीला गाठ मारून थेंब-थेंब टँकचं पाणी सोडा, तासाभरात पिशवीतलं पाणी तिप्पट होईल असं. पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतू नका. वाहतुकीत त्यात अमोनिया साठलेला असतो, आणि विक्रेत्याच्या टँकमध्ये माशांच्या औषधाचं तांबं असलं तर तेही त्यातच येतं.